बुरशीचा व्याजदर

जानेवारी-फेब्रुवारीतल्या एखाद्या संध्याकाळी पुण्याहून कोल्हापूरकडे एस.टी.नं निघालात आणि कऱ्हाड मागं पडलं, की खिडकीतून एक वास आत येतो. गोडसर, करपलेला, घशाला झोंबणारा. पेठ नाक्याच्या अलीकडं-पलीकडं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, तोडणी झालेल्या उसाच्या फडात कुठं ना कुठं जाळ दिसतो. ऊस कारखान्याला गेला, वाढं जनावरांच्या पुढ्यात पडलं, उरलं ते पाचट. त्याला काडी लावली की अर्ध्या तासात फड मोकळा. वाळवा, पलूस, कऱ्हाड या तालुक्यांतल्या घरांना या दिवसांत गच्चीवर कुरडया-पापड घालायचे तर वाऱ्याची दिशा पाहावी लागते; नाहीतर पापडावर काळ्या कागदाच्या चिमुकल्या चिंध्यांसारखी राख येऊन बसते.

या दोन जिल्ह्यांत माझी बँकेतली तीसेक वर्षं गेली. रात्री कादंबऱ्या लिहिल्या हे खरं, पण दिवसा पोटासाठी केलं ते शेतीची कर्जप्रकरणं तपासण्याचं काम. त्यामुळं कुणी ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणालं की माझा हात आपोआप कागद-पेन्सिलीकडं जातो. टाकाऊ म्हणजे कुणाला टाकाऊ? टिकाऊ करायला खर्च किती? आणि मधल्या मधे कोण किती खातं?

हा तिसरा प्रश्न मला पहिल्यांदा नीट पडला तो नव्वदच्या दशकात, वाळवा तालुक्यातल्या एका शाखेत. शेतकी शिकलेला एक पोरगा धिंगरी अळिंबीच्या प्रकल्पाचा अहवाल घेऊन आला होता. धिंगरी म्हणजे शिंपल्याच्या आकाराची, राखाडी-पांढरी अळिंबी. हल्ली शहरातल्या भाजीवाल्यांकडं प्लॅस्टिकच्या डबीत मिळते ती. तेव्हा आमच्याकडं अळिंबी म्हटलं की लोकांना कुत्र्याची छत्री आठवायची. आमचे शिपाईमामा टेबलावर चहा ठेवता ठेवता म्हणाले, “सायेब, बुरशी लागाय नको म्हणून आम्ही धान्याला ऊन दावतो, आन हे पोरगं बुरशीला कर्ज मागतंय व्हय?”

मामांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्या घरात बुरशीची ओळख होते ती लोणच्याच्या बरणीत, पावसाळ्यात चपला-पट्ट्यांवर आणि विसरलेल्या पावावर. पण त्या पोराच्या अहवालात एक वाक्य होतं, त्यावर मी अडलो. ‘शंभर किलो कोरड्या भुश्यापासून साठ ते ऐंशी किलो ताजी अळिंबी मिळते.’ मी म्हटलं, अरे, हे फारच झालं. तो हसून म्हणाला, “साहेब, अळिंबीत नव्वद टक्के पाणी. वाळवली तर सहा-आठ किलोच भरेल.” मग बाकीचा भुसा? त्यातला बराचसा पिशवीतच राहतो, तो म्हणाला, पण सगळा नाही. तीस-चाळीस टक्के वजन नाहीसं होतं. बुरशी श्वास घेते, आपल्यासारखीच कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यात ते जातं.

म्हणजे शंभरातले तीस-चाळीस बुरशी स्वतःच्या संसाराला खर्च करते, सहा-आठ आपल्या हातावर ठेवते आणि पन्नास-साठ चोथा परत देते. सावकारी व्याज याहून बरं. पण ज्या सहा-आठ किलोंना बाजार आहे ते भुश्याच्या कितीतरी पट भावानं जातात, म्हणून हा व्यवहार परवडतो. कर्ज मंजूर झालं. त्याचं पुढं काय झालं ते सांगेन, पण आधी बुरशी भुश्यात नेमकं काय करते ते पाहू.

गव्हाचं काड, भाताचं पिंजार, उसाचं पाचट, बगॅस या सगळ्यांचा सांगाडा साधारण एकाच पद्धतीनं बांधलेला असतो. सेल्युलोजचे लांब धागे, त्यांच्या भोवतीनं हेमिसेल्युलोज आणि या सगळ्यात ओतलेलं लिग्निन. घराचा स्लॅब पडताना पाहिला असेल तर सेल्युलोज म्हणजे लोखंडी सळया आणि लिग्निन म्हणजे सिमेंट समजा. सेल्युलोज हे खरं तर साखरेच्याच, म्हणजे ग्लुकोजच्या कणांची साखळी आहे. गायी-म्हशींच्या पोटातले जंतू ती साखळी तोडतात, म्हणून तर गवत खाऊन दूध निघतं. पण लिग्निनचं कुलूप त्यांना उघडत नाही. ते उघडायला ऑक्सिजन लागतो आणि म्हशीच्या पोटातल्या त्या मोठ्या पिशवीत हवा नसते. गव्हाच्या काडाचा अर्धा अधिक भाग शेणावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो याचं मुख्य कारण हे. गोबरगॅसच्या टाकीतून येणाऱ्या रबडीत काड्या दिसतात, त्याचंही तेच.

हे कुलूप उघडणारे कारागीर निसर्गात थोडे आहेत, आणि त्यांतले सर्वांत तरबेज म्हणजे लाकडाला ‘पांढरी कूज’ आणणाऱ्या बुरश्या. आपली धिंगरी त्यांचीच बहीण. पावसाळ्यात आंब्याच्या कुजक्या ओंडक्याची ढलपी काढली की आत पांढरी, कापसासारखी भुसभुशीत झालेली जागा दिसते. तिथं लिग्निन निघून गेलेलं असतं. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम नावाच्या अशाच एका बुरशीचं लिग्निन फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, १९८३ मध्ये अमेरिकेत सापडलं. ते हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतं. जखमेवर टाकल्यावर फसफसतं ते औषध आठवा, तेच. बुरशी ते स्वतःच थेंब-थेंब बनवते आणि त्याच्या जोरावर लिग्निनचे जोड जाळत जाते.

यातली गोम अशी, की केवळ लिग्निन खाऊन या बुरशीचं पोट भरत नाही. ते जाळायला तिला बाहेरून शक्ती लागते आणि ती शक्ती ती भुश्यातल्या सेल्युलोज-हेमिसेल्युलोजमधून उचलते. म्हणजे ज्या साखरेपर्यंत पोहोचण्यासाठी आपण कुलूप उघडवून घेतो, त्यातलीच काही साखर कारागीर मजुरी म्हणून ठेवून घेतो. या मजुरीला मी बुरशीचा व्याजदर म्हणतो. हा दर कळला, की बुरशी कुठं कामाची आणि कुठं नाही याचा निवाडा करणं सोपं जातं.

पहिला निवाडा चाऱ्याचा. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत ज्यांनी चारा छावण्या पाहिल्या आहेत, त्यांना कडब्याच्या पेंडीची किंमत सांगायला नको. तिकडं जनावरांना चारा नाही आणि पन्नास-साठ मैलांवर कृष्णाकाठी पाचट जळतंय, हे चित्र कुणाही शहाण्या माणसाला अस्वस्थ करील. पाचट, पिंजार, काड यांतलं लिग्निन काढून टाकलं तर उत्तम चारा होईल, हा विचार म्हणूनच कितीकांना सुचला. त्याचा एक नमुना निसर्गानंच घालून ठेवला आहे. दक्षिण चिलीच्या जंगलात बुरशीनं लिग्निन खाऊन पांढरं, मऊ केलेलं लाकूड मिळतं. तिथले लोक त्याला ‘पालो पोद्रिदो’, कुजकं लाकूड, म्हणतात आणि गुरांना घालतात. गुरं लाकूड खातात!

आपल्याकडं कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनं ऐंशीच्या दशकात यावर बरंच काम केलं. काडाला आधी युरियाची प्रक्रिया द्यायची, मग त्यावर कोप्रिनस जातीची बुरशी वाढवायची, म्हणजे युरियातला नत्र बुरशीच्या अंगात प्रथिन होऊन बसेल, अशी ती युक्ती होती. डच आणि भारतीय संशोधकांचा एक मोठा संयुक्त प्रकल्पही त्या काळात चालला. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला १९६७ मध्ये उभी केलेली बाएफ संस्था त्यात होती. बुरशीनं काड सुधारतं, यात शंका राहिली नाही. पण शेतकऱ्याच्या गोठ्यात ते उतरेना. हवी ती बुरशी सोडून भलतीच वाढली तर जनावराला विषबाधा होण्याची भीती; ओल, उष्णता सांभाळायचा खटाटोप; आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे आपला व्याजदर. दुष्काळात ज्याच्याकडं शंभर किलो काड आहे त्याला सांगायचं, की यातलं वीस-तीस किलो बुरशीला खाऊ घाल, म्हणजे उरलेलं चांगलं पचेल! तो म्हणेल, आधी माझं काड वजन करून ठेवा.

शेवटी टिकली ती साधी युरियाची प्रक्रिया. शंभर किलो काडाला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात नीट विरघळवून शिंपडायचा, थर दाबून प्लॅस्टिकनं झाकायचा आणि तीन आठवडे उघडायचा नाही. अमोनियाच्या वाफेनं लिग्निनचा विळखा सैल होतो, जात नाही. पण वजन घटत नाही. (युरिया नुसता किंवा पाण्यातून जनावराच्या तोंडी लागता कामा नये, तो जीव घेतो, हे प्रत्येक वेळी सांगावंच लागतं.) वाढ्याचंही तसंच. हिरव्या वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या अंगातला कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यावर आमच्या भागातला उपाय चुन्याच्या निवळीचा. तिथं बुरशीची गरजच पडत नाही. स्वस्त कारागीर हाताशी असेल तर महागडा कशाला बोलवा?

दुसरा निवाडा कारखान्याचा. सांगलीला वसंतदादांनी, साखराळ्याला राजारामबापूंनी कारखाने उभे केले, कृष्णा-कोयनेच्या दोन्ही काठांवर धुराडी वर आली, आणि त्यांच्यामागं अवशेषांचे डोंगरही. शंभर किलो ऊस आत गेला की दहा-बारा किलो साखर, अठ्ठावीस-तीस किलो ओलं बगॅस, तीन-चार किलो प्रेसमड, चारेक किलो मळी बाहेर येते. बगॅसमध्ये पाचवा हिस्सा लिग्निन. ते काढायला बुरशी लावावी काय? कारखान्याचा बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला विचारून बघा. वजनाला वजन धरलं तर लिग्निनमध्ये सेल्युलोजपेक्षा जास्त उष्णता असते. म्हशीच्या पोटाला जे नको ते बॉयलरच्या पोटाला हवंसं. त्यातून आता कारखाने बगॅसवर वीज करून विकतात, त्यामुळं एकेकाळी आवाराबाहेर ढीग लागायचे त्या बगॅसला भाव आहे. आणि शेतात? लिग्निन नसतं तर बारा फुटी ऊस जून-जुलैच्या वाऱ्यात उभाच राहिला नसता. ‘नको असलेला घटक’ हा शब्दप्रयोग शास्त्रज्ञ सहज वापरतात. कुणाला नको, ते वाक्याच्या पोटात राहतं.

मळीची गोष्ट मात्र वेगळी. मळीपासून अल्कोहोल काढलं, की एका लिटरमागं आठ ते पंधरा लिटर गडद तांबडं-काळं पाणी उरतं. इंग्रजी शब्दच रूढ आहे, स्पेंट वॉश. गटाराच्या पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप दोनशे-तीनशे भरलं, तर याचं चाळीस-पन्नास हजार भरतं. अशा पाण्याचा ओघळ नदीत गेला तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. त्या टाकीतून गॅस काढून घेतला, जंतूंनी खायचं तेवढं खाल्लं, तरी रंग काही जात नाही. तो रंग मेलॅनॉइडिनचा. भाकरीचा पापुद्रा तव्यावर खरपूस होतो, तेव्हा साखर आणि प्रथिनं यांच्या संयोगातून जे तयार होतं त्याच जातीचं हे द्रव्य. लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ती क्रिया १९१२ मध्ये वर्णन केली. भाकरीवर ती आपल्याला आवडते, नदीत नाही.

जंतूंना न पचणारा हा रंग पांढऱ्या कुजीच्या बुरश्या खातात. लिग्निन फोडणारं तेच हत्यार इथंही चालतं. देशोदेशींच्या, आपल्याही प्रयोगशाळांत काचेच्या चंबूतलं काळं पाणी बुरशीनं आठवडाभरात चहाच्या रंगावर आणल्याचे निकाल भरपूर आहेत. पण ते निकाल वाचताना खालची बारीक अक्षरं बघावीत, ही सवय मला बँकेनं लावली. बहुतेक ठिकाणी ते पाणी आधी पुष्कळ पातळ केलेलं असतं आणि बुरशीला जगायला वरून ग्लुकोज घातलेलं असतं. म्हणजे साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर उपाय काय, तर साखर घाला! रोज लाखो लिटर पाण्याला हे कोण करणार? त्यामुळं डिस्टिलऱ्यांकडून सांडपाणी आवाराबाहेर सोडूच नका असा नियम आला, तेव्हा त्यांनी बुरशीचा नाद न करता ते आटवून खास बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करायचा रस्ता धरला. जाळल्यावर उरणाऱ्या राखेत पालाश भरपूर असतो, तो विकता येतो. प्रेसमडच्या ढिगात मात्र बुरशी मागच्या दारानं येतेच. तिथं तिला घाई कुणी करत नाही.

घाई हा शब्द महत्त्वाचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचे मोठे संग्रह जतन केलेले आहेत. मेणबंद नळ्यांत झोपवलेल्या हजारो बुरश्या. त्यांतल्या कित्येकींत कारखान्याच्या कामाचे गुण आहेत. पण वाफ आणि आम्ल वापरून बगॅस काही मिनिटांत सैल करता येतं तिथं बुरशीला तीन-चार आठवडे लागतात. कारखान्याचं घड्याळ आणि बुरशीचं घड्याळ जुळत नाही.

ज्यांना घाई नाही असे एक जुने बुरशी-बागायतदार मात्र आपल्या शेजारीच राहतात. बत्तीस शिराळ्याकडं नागपंचमीला वारुळाची पूजा होते. नागाचं घर म्हणून आपण त्याला हात जोडतो, पण ते बांधलेलं असतं वाळवीनं. आपल्याकडची ही वारुळं बांधणारी वाळवी काटक्या, पाला, सुकलं गवत आत नेते, अर्धवट चावून त्याचे स्पंजासारखे पोळे रचते आणि त्यावर बुरशी पिकवते. लाखो जिवांच्या या वसाहतींना लाकडाचा चोथा पचवायला ही बुरशी लागते. म्हणजे पोटाबाहेर ठेवलेलं एक पोटच. वाळवीनं तिला ऊब दिली, ओल दिली, भलती बुरशी उपटून टाकली आणि मोबदल्यात खायला मऊ अन्न मिळवलं. पावसाच्या पहिल्या जोरात याच वारुळातून अळंब्या वर येतात आणि डोंगराकडचे जाणते लोक पहाटे त्या गोळा करायला जातात. (जाणते, असं मुद्दाम म्हटलं आहे. आपण शहरातल्यांनी ओळख नसलेली छत्री तोंडात घालू नये.)

आता पुन्हा पाचटाकडं येतो, कारण बुरशीचा व्याजदर जिथं अडसर न होता फायद्याचा ठरतो, अशी जागा माझ्या मते तीच. फलटणच्या बाजूला पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे, आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं. तिथली खोडव्याची शिफारस आमच्या शाखेत येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असायची, पाळायचे थोडे. पाचट जाळू नका, सरीत ठेवा. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, त्यावर ऐंशी किलो युरिया, शंभर किलो सुपर फॉस्फेट आणि दहा किलो पाचट कुजवणारं संवर्धक टाका, पाणी द्या. संवर्धकात ट्रायकोडर्मासारख्या बुरश्या असतात. तीन-चार महिन्यांत पाचट हाताला लागलं की चुरतं.

युरिया कशाला, हा प्रश्न मला शेतकरी नेहमी विचारत. “पाचटाला खत घालायचं, म्हंजे मड्याला जेवाण?” याचं उत्तर बँकवाल्याच्या भाषेत सोपं आहे. पाचटात कर्ब बत्तीस ते चाळीस टक्के आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का. बुरशीला आपलं अंग वाढवायला नत्र लागतो. पाचटात तो पुरेसा नाही, म्हणून ती आजूबाजूच्या मातीतला ओढते आणि कोवळा खोडवा पिवळा पडतो. वरून दिलेला युरिया हे तिचं खेळतं भांडवल. काम संपून बुरशी मेली, की ते मातीत परत जमा होतं. बुडीत कर्ज नाही ते. पाचट कुजवलं आणि खोडवा बसला, असं सांगणाऱ्या कित्येकांनी हे भांडवल द्यायचं टाळलेलं असतं. दुसरी अट हवेची. कृष्णाकाठच्या काळ्या रानात मोकाट पाणी सोडून सरी तुंबवली, तर बुरशी गुदमरते. मग कुजण्याऐवजी पाचट आंबतं.

आता हिशोब. मोहिमांच्या पत्रकांत लिहिलेलं असतं, की पाचट जाळून शेतकरी खत जाळतो. खरं आहे. दहा टनांतला चाळीस-पन्नास किलो नत्र धुरात जातो. पालाश राखेत बराचसा राहतो. पण पन्नास किलो नत्र म्हणजे युरियाच्या किती गोण्या? पंचेचाळीस किलोच्या दोन-अडीच. सरकारी अनुदानातला भाव धरला तर सहा-सातशे रुपये. आणि पाचट ठेवायचं तर पहिल्या वर्षी ऐंशी किलो युरिया वरून द्यायचा, सुपर फॉस्फेट, संवर्धक वेगळंच, शिवाय पाचट सरीत दाबायची मजुरी. काडीपेटीचा खर्च शून्य. या हिशोबात काडी लावणारा शेतकरी अडाणी ठरत नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही हाच ताळेबंद मांडला असता.

पत्रकात न येणारी रक्कम आहे ती कर्बाची. दहा टन पाचटात तीन टनांहून जास्त कर्ब असतो. काडी लावली तर तो अर्ध्या तासात आकाशात. बुरशी लावली तर तिचं व्याज कापून, म्हणजे बराच मोठा भाग तीही श्वासावाटे उडवते, पण काही हिस्सा जमिनीत ह्यूमस होऊन उरतो. आणि गंमत म्हणजे या उरलेल्यात लिग्निनचे अर्धवट फुटलेले तुकडेच जास्त असतात. चाऱ्यात नको होतं, तेच मातीत हवं असतं. त्यानं जमीन भुसभुशीत राहते, पाणी धरते. वरच्या आच्छादनानं बाष्पीभवन कमी होतं, तण दबतं, एखादी पाण्याची पाळी लांबते. वाळवा-पलूस-मिरज पट्ट्यात पाण्याच्या अतिरेकानं खारावलेली, पांढरी पडलेली रानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कर्बाचं मोल सांगायला नको. पण कर्बाला बाजारसमितीत भाव नाही, आणि पीककर्जाच्या आमच्या फॉर्मातही त्याला रकाना नव्हता.

शेजारच्या तासगावात तर बुरशीचं नाव काढायची सोय नाही. द्राक्षबागायतदाराचं अर्धं आयुष्य भुरी आणि डाऊनी या दोन बुरशीजन्य रोगांशी लढण्यात जातं. ढगाळ हवा दिसली की फवारणीचे ट्रॅक्टर निघतात. छाटणीच्या काड्या यंत्रानं बारीक करून बागेतच कुजवा म्हणून सांगणारे तिथंही आहेत, आणि काही जण तसं करतात. पण त्या काड्यांवर बोर्डो मिश्रणातलं तांबं बसलेलं असतं. तांबं मूलद्रव्य आहे, ते कुठलीच बुरशी फोडू शकत नाही. सगळ्याच नकोशा गोष्टींवर बुरशी हा उतारा नाही, याचं हे चालतं-बोलतं उदाहरण.

त्या धिंगरीवाल्या पोराचं सांगायचं राहिलं. कर्ज त्यानं वेळेवर फेडलं. पहिल्या दोन वर्षांत अळिंबी विकण्यापेक्षा ‘हे शाकाहारी आहे’ असं पटवण्यातच त्याचा जास्त वेळ गेला. मार्च ते मे शेडमध्ये तपमान सांभाळेना, तेव्हा त्यानं ते महिने सोडून दिले. उरलेला चोथा त्याच्या आईनं म्हशीपुढं टाकून पाहिला. म्हैस आधी फुरफुरली, मग पेंडीत मिसळून खाऊ लागली. पण हे त्याच्या गरम पाण्यात निर्जंतुक केलेल्या भुश्याचं. जे औषधात भुसा बुडवतात, फॉर्मेलिन-बाविस्टिन वापरतात, त्यांचा चोथा जनावराला घालणं धोक्याचं. बीजाणूंनी खोकला धरला म्हणून पुढं तो शेडमध्ये नाकाला फडकं बांधूनच जाऊ लागला.

गेल्या वर्षी कऱ्हाडच्या बाजूला, कृष्णाकाठच्या एका गावात मुक्कामाला होतो. यजमानांचे शेजारी, सत्तरीचे तात्या, मला खोडवा दाखवायला घेऊन गेले. जून सुरू झाला होता. त्यांनी वाकून सरीतल्या पाचटाचा थर उचलला. खाली सगळीकडं पांढऱ्या धाग्यांचं जाळं पसरलेलं, मधमाशीच्या पंखांसारखं पातळ, आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या रानाचा वास. मी म्हटलं, तात्या, बुरशी चांगली लागलीय.

“मग! संवर्धक टाकलंय, युरिया दिलाय. चार वर्सं झाली, ह्या तुकड्यात काडी पडली न्हाई.”

बांधाच्या पलीकडं तसाच खोडवा होता, पण सऱ्या उघड्या, माती करडी आणि मधेमधे काळपट. मी विचारलं, ते कुणाचं?

“त्ये बी मीच करतो,” तात्या म्हणाले. “पर त्ये खंडानं हाय. साल-दर-साल. तिथं काडी लावली.”

मी काही बोललो नाही. तात्यांनी हातातला थर होता तसा सरीत ठेवला, वरून पायानं दाबला.

“फुडल्या साली त्ये रान मालक कुणाला देतोय, मला म्हाईत हाय का?”